व्हीलचेअर, खाजगी बस आणि उजव्या पक्षांचं गणित

दिव्यांग माणसाला बसमध्ये चढता आलं पाहिजे, ह्याला उघड विरोध करणारा पक्ष तुम्हाला अख्ख्या भारतात सापडणार नाही. भाजप म्हणतो पाहिजे, काँग्रेस म्हणते पाहिजे, आमच्या गोव्यातले लहान लहान पक्ष पण म्हणतील पाहिजेच की बाबा, कोण नको म्हणतंय. म्हणून पक्षाची भूमिका जाहीरनाम्यात शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. भूमिका कळते तीन प्रश्नांवरून: सक्ती कोणावर करणार, पैसे कोण देणार, आणि तारीख काय. ह्या लेखात मी उजव्या पक्षांबद्दल बोलणार आहे, मुख्य म्हणजे भाजपबद्दल, कारण केंद्रात 2014 पासून आणि गोव्यात 2012 पासून सरकार त्यांचंच आहे, त्यामुळे नुसतं काय बोलले ते नाही तर काय केलं ते पण बघता येतं.

आधी सुगम म्हणजे काय ते पटकन बघू, कारण लोकांना वाटतं व्हीलचेअरसाठी रॅम्प लावला की झालं. अंध माणसाला पुढचा स्टॉप कुठला ते ऐकू यायला पाहिजे, बहिऱ्या माणसाला ते बोर्डावर दिसायला पाहिजे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीला धरायला दांडा पाहिजे आणि पायरी बेताची पाहिजे. ह्यात सगळ्यात मोठं भांडण बसच्या फ्लोअरचं. केंद्राच्या शहरी बसच्या स्पेसिफिकेशनमध्ये (2013 चं) फ्लोअरच्या तीन उंच्या दिल्यात, 400, 650 आणि 900 मिलिमीटर. 400 वाली ती लो फ्लोअर, फुटपाथवरून जवळजवळ सरळ आत. आणि आपली जी रोजची रूटवरची खाजगी बस असते, ती बहुतेक वेळा ट्रकसारख्या चासीवर बांधलेली असते, खाली लांब लोखंडी फ्रेम, त्याच्यावर बॉडी, इंजिन पुढे, म्हणजे फ्लोअर आपोआप वर जातो आणि मग तीन उंच पायऱ्या येतात. अशा बसला नंतर रॅम्प लावायचा म्हटलं तरी तो एवढा उभा होतो की व्हीलचेअर ढकलणाराच घसरून खाली येईल. म्हणजे हा सगळा निकाल बस विकत घेतानाच लागलेला असतो, नंतर ठिगळं लावून फार काही होत नाही.

दुसरी गोष्ट टाइमिंगची, आणि ही बाहेरच्यांना कळत नाही. आमच्या वाड्यावरचे एक काका आहेत, लहानपणी पोलिओ झालेला, पायाला कॅलिपर, एका हातात कुबडी. म्हापशाला जायचं असलं की ते मुद्दाम दुपारची बस पकडतात, कारण सकाळी मागची बस येऊन टेकायच्या आत निघायचं असतं, दोघांच्या परमिटच्या वेळा एकमेकाला चिकटून असतात, किलिंदर (बसचा क्लीनर, तिकिटं पण तोच काढतो) दारात लोंबकळून शिट्टी मारतोय, "फुडें वचात, फुडें वचात", आणि काकांचा एक पाय अजून खालीच. आधी कुबडी आत टाकायची, मग दांडा धरायचा, मग कॅलिपरचा पाय ओढून घ्यायचा, ह्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मागच्या बसने दोन स्टॉपची माणसं उचललेली असतात. किलिंदर वाईट माणूस नाही, उलट बऱ्याचदा तोच खाली उतरून हात देतो. पण त्याची कमाई तिकिटांवर, आणि काकांसाठी थांबलं की तिकिटं जातात. हे गणित लक्षात ठेवा, पुढे राजकारणात हेच येतं.

आता भाजपने काय काय केलं ते. 2014 च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक जागा, इमारती आणि वाहतूक दिव्यांगांना वापरता येईल अशी करू असं आश्वासन होतं. 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं, म्हणजे सरकारने ते मनावर घेतलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही, एवढ्या मोठ्या पातळीवर असं अभियान आधी कोणी काढलं नव्हतं. त्यात इमारती, वाहतूक, वेबसाइटी सगळं होतं आणि बसच्या बाबतीत टार्गेट होतं की सरकारी मालकीच्या बसपैकी 25 टक्के पूर्ण सुगम करायच्या, तेही 2018 च्या मार्चपर्यंत. मग मुदत वाढली, परत वाढली, 2022 पर्यंत गेली. आणि संसदेत उत्तर आलं तेव्हा पूर्ण सुगम बस सहा टक्क्यांच्या आसपास. बाकी बऱ्याच बस "अंशतः सुगम" ह्या खान्यात टाकलेल्या, आणि अंशतः म्हणजे काय तर कधी कधी एक राखीव सीट आणि खिडकीवर एक स्टिकर. व्हीलचेअरवाल्याला आत जाताच येत नसेल तर राखीव सीट कोणासाठी ठेवली, हा प्रश्न कोणी विचारू नये.

विमानतळांचं चित्र मात्र वेगळं. तिथे काम बऱ्यापैकी झालं. दाबोळी असो नाहीतर 2022 च्या डिसेंबरमध्ये उद्घाटन झालेला मोपा, लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर, सगळं मिळतं. कारण सोपं आहे, विमानतळ थोडे, मालक मोठे, आणि खर्च तिकिटातून निघतो. रेल्वे मधेच कुठेतरी लटकलेली, स्टेशनवर लिफ्ट येते पण प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या दारात अंतर राहतंच. बसमध्ये सगळ्यात गरीब माणूस बसतो आणि तिथेच सगळ्यात कमी झालंय.

कायद्याचं पण बघू, कारण खरी गोम तिथे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. विधेयक आणलं होतं मनमोहन सिंग सरकारने 2014 च्या फेब्रुवारीत, मंजूर झालं मोदी सरकारच्या काळात 2016 च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे श्रेय घ्यायचं तर दोघांनी वाटून घ्यावं. ह्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, तोडणाऱ्याला पहिल्यांदा 10 हजारापर्यंत आणि परत परत केलं तर 50 हजार ते 5 लाख दंड ठेवला. चांगला कायदा आहे. पण कलम 41, जे वाहतुकीचं आहे, ते शांतपणे वाचा. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, विमानतळावर पार्किंग, टॉयलेट, तिकीट खिडकी सुगम करायची, ठीक. वाहनं पण सुगम करायची, जुनी वाहनं पण सुधारायची, पण कधी? तर तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, सुरक्षित असेल, आर्थिकदृष्ट्या परवडत असेल आणि डिझाइनमध्ये मोठे बदल करावे लागत नसतील तेव्हा. एवढ्या सगळ्या अटीतून जी जुनी बस पार होईल ती बस मला दाखवा, मी स्वतः जाऊन हार घालीन. ही पळवाट कोणा एका पक्षाची नाही, विधेयक दोन सरकारांच्या हातातून गेलंय.

त्यानंतर 2017 ला नियम आले, आणि नियम 15 मध्ये इमारतींचे, बसबॉडीचे, वेबसाइटचे स्टँडर्ड पाळायचे असं लिहिलं. पण ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे ते बोट दाखवत होतं त्यातली बरीचशी भाषा "करावं", "असल्यास बरं" अशी, म्हणजे शिफारशीची. राजीव रतुरी ह्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 8 नोव्हेंबर 2024 ला हेच पकडलं. कोर्ट म्हणालं मूळ कायदा सक्तीचा आहे आणि नियम मात्र ऐच्छिक, हे चालणार नाही, म्हणून नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला सांगितलं की तीन महिन्यात किमान सक्तीच्या गोष्टी वेगळ्या काढून नियम बनवा. म्हणजे "हळूहळू करत जाऊ" आणि "एवढं तर करावंच लागेल" ह्या दोन गोष्टींची कोर्टाने फाळणी करायला सांगितली. पक्षांना नेमकी हीच फाळणी नको असते.

का नको असते? इथे उजव्या पक्षाचं डोकं कसं चालतं ते समजून घ्यायला पाहिजे, शिव्या घालून उपयोग नाही.

उजव्या विचारात दिव्यांगांबद्दल दोन प्रवाह एकाच वेळी वाहत असतात. एक सेवेचा. गरजूला मदत करणं हे पुण्याचं काम, कुटुंबाने करावं, देवस्थानाने करावं, संघटनेने करावं, सरकारनेही करावं. ह्यातूनच ती शिबिरं येतात जिथे तीनचाकी सायकली, कॅलिपर, कानाची यंत्रं वाटतात. ही एडिप नावाची योजना 1981 पासूनची आहे, म्हणजे भाजपची नाही, पण मोठमोठी शिबिरं घेऊन तिला मंचावर आणलं ते भाजपने, आणि ज्याला सायकल मिळाली त्याचं आयुष्य खरंच बदलतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा प्रवाह धंद्याचा: छोट्या मालकावर, दुकानदारावर, ट्रान्सपोर्टवाल्यावर सरकारने नियम लादू नयेत, इन्स्पेक्टर राज नको, पैसे त्याने घामाने मिळवलेत. हे दोन्ही प्रवाह आपापल्या जागी ठीक, पण बसच्या दारात येऊन एकमेकाला धडकतात. सेवा म्हणते सायकल देऊ. पण ती तीनचाकी सायकल घेऊन बसमध्ये चढता येत नाही, आणि बस बदलायची तर मालकावर सक्ती करावी लागते, आणि मालक हा आपला मतदार. मग काय होतं, सायकल वाटली जाते आणि बस तशीच राहते.

आता कोण म्हणेल उजवे पक्ष म्हणजे असंच असणार. तसं नाही, आणि म्हणूनच बाहेरच्या दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेत दिव्यांगांचा मोठा कायदा, एडीए, 26 जुलै 1990 ला सही करून आणला तो रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशनी. त्याच पक्षाच्या रेगन सरकारने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बसला लिफ्ट लावायचे नियम ढिले केले होते, आणि दिव्यांग कार्यकर्ते बससमोर व्हीलचेअर लावून रस्ते अडवत होते. मग पक्षातल्याच दिव्यांग लोकांनी उजव्या भाषेत मुद्दा मांडला: आम्हाला भत्त्यावर ठेवू नका, कामाला जाऊ द्या, टॅक्स भरू द्या, पण त्यासाठी कामावर पोचवणारी बस पाहिजे. स्वावलंबन हा शब्द उजव्यांना आवडतो, तो त्यांच्याच गळ्यात अडकवला म्हणा ना. आणि तडजोड फार साधी होती: जुन्या बस फोडायच्या नाहीत, पण 25 ऑगस्ट 1990 नंतर सार्वजनिक सेवेसाठी जी नवी बस मागवाल ती सुगमच पाहिजे. बास. दहा-पंधरा वर्षात जुन्या बस आपोआप भंगारात जातात आणि ताफा बदलतो.

ब्रिटनची गोष्ट तर आणखी मजेदार. 1994 ला तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने दिव्यांगांच्या नागरी हक्काचं विधेयक संसदेत वेळ खाऊन मारलं, कारण काय तर धंद्यांना खर्च परवडणार नाही. ते मारण्यात पुढे असलेले मंत्री होते निकोलस स्कॉट, आणि त्यांची स्वतःची मुलगी व्हिक्टोरिया एका दिव्यांग संघटनेसाठी काम करत होती, तिने जाहीरपणे वडिलांचा राजीनामा मागितला. लोक लंडनमध्ये बसला साखळीने स्वतःला बांधून घेत होते. एवढी नाचक्की झाल्यावर त्याच पक्षाने पुढच्याच वर्षी, 1995 ला, मंत्री विल्यम हेगच्या हातून स्वतःचा कायदा आणला. बसचे सविस्तर नियम 2000 ला आले, तोपर्यंत सरकार लेबरचं, पण अधिकार त्याच कायद्याचा. मोठ्या सिंगल डेकर बसना शेवटची तारीख 1 जानेवारी 2016, डबल डेकरना 1 जानेवारी 2017. वीस वर्षांची मुदत, पण तारीख लिहिलेली, आणि तारखेनंतर पायऱ्यांची बस रूटवर आणायची नाही.

ह्यातला माझा आवडता भाग लंडनचा. थॅचरबाईंनी 1986 ला लंडनबाहेर बसधंदा मोकळा सोडला, ज्याला पाहिजे तो बस चालवा. लंडनमध्ये मात्र वेगळी पद्धत ठेवली: बस खाजगी कंपनीची, पण रूट, वेळ, भाडं आणि बस कशी पाहिजे ते सरकारी संस्था ठरवणार, टेंडर काढून. परिणाम असा की लंडनच्या नेहमीच्या बस 2005 च्या शेवटालाच लो फ्लोअर झाल्या, कायद्याच्या तारखेच्या दहा वर्षं आधी. कोणाला दंड नाही, कोणाशी भांडण नाही, टेंडरमध्ये एक अट होती, ज्याला धंदा पाहिजे त्याने तशी बस आणली.

आता परत गोव्यात या. आमच्याकडे कदंबा, म्हणजे सरकारी बस महामंडळ, 1980 पासून आहे, पण गावागावातून जाणारी बस बहुतेक ठिकाणी खाजगी. मालक म्हणजे कोणी बडी कंपनी नाही, एक बस, दोन बस, कर्ज काढून घेतलेली, बऱ्याच वेळा मालकच ड्रायव्हर आणि भाऊ किलिंदर. त्यांचं पण ऐकायला पाहिजे. डिझेल वाढतं, दुचाक्या वाढल्या, प्रवासी घटले, सबसिडी वेळेवर मिळत नाही अशी त्यांची कायमची तक्रार. अशा माणसाला उद्या सांगा की चासी बदल आणि लो फ्लोअर आण, तो बस विकून रेंट-अ-बाइक सुरू करेल, आणि मग काकांना दुपारची बस पण राहणार नाही. म्हणून सक्ती नको म्हणणारा प्रत्येक आमदार निर्दय असतो असं मी म्हणणार नाही.

पण इथेच एक दार उघडं आहे आणि ते सरकारनेच उघडलंय. म्हजी बस योजनेत खाजगी बस कदंबाबरोबर करार करून चालवायची, मालकाला किलोमीटरप्रमाणे पैसे. पणजीत 2024 मध्ये शहरातल्या खाजगी बसच्या जागी कदंबाच्या इलेक्ट्रिक बस आल्या, त्यावरून मालकांनी बराच आरडाओरडा केला. राजकारण बाजूला ठेवा आणि गणित बघा: किलोमीटरप्रमाणे पैसे मिळाले की तिकिटांसाठी पळापळ करायची गरज संपते, म्हणजे कॅलिपरवाल्यासाठी अर्धा मिनिट थांबलं तरी किलिंदरचं नुकसान नाही. आणि करार आला की अट घालता येते. ही लंडनचीच पद्धत, आणि ती उजव्या पक्षाच्या पोटाला सोसणारी आहे, कारण धंदा खाजगीच राहतो, सरकार गिऱ्हाईक होतं आणि गिऱ्हाईक म्हणून पाहिजे ते मागतं. इलेक्ट्रिक बसमध्ये पुढचं इंजिन आणि गिअरबॉक्सचा लबेदा नसतो, त्यामुळे मागितला तर खालचा फ्लोअर देणं सोपं. मागितला तर. कागदावर नुसतं "दिव्यांग-स्नेही" लिहिलं की पुरवठादार सगळ्यात स्वस्तातलं काहीतरी देतो. मिलिमीटर लिहावे लागतात.

केंद्राने एक नियम केलाय तो पण माहीत असू दे. 1 मार्च 2020 पासून नव्या बसमध्ये राखीव सीट, त्यांच्याजवळ दांडे, कुबडी-वॉकर अडकवायची सोय, आणि व्हीलचेअर आत घेऊन लॉक करायची व्यवस्था असावी असं मोटर वाहन नियमात आलं. पासिंग करताना आरटीओने हे बघायचं. म्हणजे अमेरिकेसारखी "नवी बस सुगमच" ही कल्पना आपल्याकडे कागदावर आलेली आहे. पण जुनी बस कधीपर्यंत चालवायची आणि सगळा ताफा कधी सुगम झाला पाहिजे ती ब्रिटनसारखी शेवटची तारीख आपल्याकडे नाही. आणि लॉकची पट्टी आहे पण आत यायला रॅम्प नाही असा प्रकार झाला तर पासिंगवाला ते थांबवतो का, हे त्या त्या ऑफिसच्या मूडवर.

गोव्याची अजून एक बाजू आहे जी मला खरंच आवडते. पर्पल फेस्ट. 2023 च्या जानेवारीत पहिल्यांदा पणजीत झाला, राज्याच्या दिव्यांग आयोगाने आणि समाजकल्याण खात्याने घेतला, देशभरातून दिव्यांग लोक आले, नाचले, भांडले, प्रश्न मांडले. भाजप सरकारनेच केला आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. फक्त फेस्टला येणारा पाहुणा विमानतळावरून टॅक्सीने पणजीत पोचतो. सत्तरी तालुक्यातला, पेडण्यातला, काणकोणातला दिव्यांग माणूस तिथे जाणार तो घराजवळच्या बसने, आणि त्या बसला त्या तीन पायऱ्या आहेतच. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 33 हजार दिव्यांग मोजले गेले होते, आणि म्हातारी माणसं त्यात धरलेली नाहीत, गोव्यात ती किती आहेत ते कुठल्याही वाड्यावर फिरलं की कळतं.

आणि बसस्टॉप! हे कोणी बोलत नाही. बस 400 मिलिमीटरची आणली तरी ती फुटपाथला टेकून उभी राहिली पाहिजे, नाहीतर रॅम्प गटारात. आमच्याकडे शेल्टर बांधतात आमदार फंडातून नाहीतर खासदार फंडातून, पुढे दोन पायऱ्या, वर नाव एवढं मोठं की पल्याडच्या गावातून वाचता येईल, आणि समोर स्कूटर लावलेल्या. त्या शेल्टरच्या एका बाजूला उतार करायला फार सिमेंट लागत नाही, आणि ह्यात कुठल्या बसमालकाचं मन दुखावण्याचा प्रश्न पण येत नाही, तरी होत नाही, म्हणजे सगळंच काही पैशावर अडत नाही.

2027 ला विधानसभेची निवडणूक आहे, दारात माणसं येतीलच, कुठल्याही पक्षाची येऊ देत. दिव्यांगांसाठी काय करणार असं विचारलं तर पेन्शन वाढवू म्हणून सांगतील आणि पुढच्या घरी जातील. त्यापेक्षा विचारा की म्हजी बसच्या करारात फ्लोअरची उंची लिहिलीय का, कदंबाच्या पुढच्या टेंडरमध्ये किती मिलिमीटर मागणार, खाजगी मालकाने नवी सुगम बस घेतली तर वरचा फरक सरकार देणार का, आणि पायऱ्यांची शेवटची बस रूटवरून कुठल्या वर्षी उतरणार. उमेदवाराला उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर आलेल्या पंचाला, म्हणजे पंचायत सदस्याला, विचारा, तो निदान तुमच्या शेल्टरच्या पायऱ्यांबद्दल तरी बोलू शकेल.